अंगावरून वारं गेलं, पण मनाचं काय?

आपल्या भागात अर्धांगवायूला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. हात-पाय गेले, तोंड वाकडं झालं, हे सर्वांना दिसतं. मनाचं काय झालं, तिकडे मात्र घरच्यांचं लक्ष जात नाही. सभासदांच्या घरी जाणं-येणं असल्याने आम्ही हे वारंवार पाहतो. टोळी कधी देता म्हणून गट ऑफिसात भांडणारा शेतकरी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. उसाला तोड आली तरी विचारत नाही. भाकरी पुढे केली की "नको". घरचे म्हणतात, म्हातारा हट्टी झालाय, चोचले चाललेत.

हे चोचले नव्हेत, सभासद बंधूंनो. अर्धांगवायू झालेल्या दर ३ माणसांत सुमारे एकाला पुढे नैराश्याचा आजार जडतो. परावलंबी झाल्याचं दुःख असतंच. पण मेंदूला झालेली इजाही मनाचे व्यवहार बिघडवते. चारीत गाळ साचला की टेलच्या रानाला पाणी पोहोचत नाही. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं असंच होतं. मग विसर पडतो, हिशेब जमत नाही, स्वभाव चिडका होतो. काहींना कारण नसताना रडू कोसळतं, क्वचित हसूही फुटतं. सुतकाच्या घरी हसला म्हणून कुणाला वेडा ठरवू नये, तोही आजारच.

यावर औषध आहे, पण गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळी बंद करू नये. खचलेला माणूस रक्तदाबाच्या गोळ्याही टाळतो, आणि त्यातून दुसरा झटका ओढवतो. "जगून काय करू" असं कोणी म्हणू लागलं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि दवाखाना गाठा. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलिमानस'च्या १४४१६ या नंबरवर मराठीत मोफत सल्ला मिळतो, रात्रीबेरात्रीसुद्धा.

आणि उसाचं बिल आलं की आजाऱ्याला सांगा. खोडवा ठेवायचा की मोडायचा, तेही विचारा. वाचा गेली असली तर मान हलवून सांगेल. नुसतं अंगठ्यापुरतं त्याच्याकडे जाणं आम्हाला तरी बरं वाटत नाही. जी बाई त्याला उठवते-बसवते, तिचीही झोप गेलेली असते. चार दिवस मुलांनी बाजेशी बसावं, आणि तिला माहेरी नाहीतर पंढरपूरला जाऊन येऊ द्यावं.