कोतवाल बुकातला ‘ताप’

वऱ्हाडातील एखाद्या कुटुंबावर जातीच्या दाखल्यासाठी किंवा वारसाच्या दाव्यासाठी खापरपणजोबांचा माग काढण्याची वेळ आली, म्हणजे अमरावती-अकोल्याकडील कचेऱ्यांच्या दप्तरांतून जी जीर्ण चोपडी बाहेर निघते, तिला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात. गावच्या कोतवालाने जन्ममृत्यूची वर्दी द्यावी आणि ती सरकारदरबारी रुजू व्हावी, अशी ती इंग्रजी अमलातील वहिवाट. मृत्यूच्या कारणांचे प्रकार मात्र मोजकेच असत: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा असे. ऐन विशीतली स्त्री, कारण ताप, एवढ्यावर नोंद आटोपते. तो ताप हिवतापाचा, बाळंतरोगाचा, की चित्रकाची वा रुईची काडी घालून ‘पोट पाडल्या’नंतर गर्भाशयात माजलेल्या पुवाचा, हे सांगण्याची सोय त्या रकान्यात नव्हती, आणि असती तरी वर्दी देणाऱ्या घरच्या माणसाने ते सांगितले नसते, कारण 1860 च्या दंडसंहितेचे 312 वे कलम, आईचा जीव वाचविण्याचा एक अपवाद सोडल्यास, गर्भपात घडविणाऱ्यास आणि स्वतः तो करून घेणाऱ्या स्त्रीसही फौजदारी गुन्हेगार ठरवीत होते. गर्भपाताने किती माता दगावतात, असा प्रश्न विचारणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की ही मरणे दुसऱ्या कोणत्या तरी नावाखाली नोंदली जाण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

अशी मरणे झाकणाऱ्या समाजावर एक सणसणीत प्रहार वऱ्हाडातूनच झाला. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी गरळ ओकली गेली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. तो खटला गर्भपाताचा नव्हता हे खरे. परंतु पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या विधवेला दिवस राहिले, तर तिच्यापुढे सुईणीची काडी, विहीर किंवा अर्भकाचा गळा याखेरीज समाजाने काय ठेवले होते? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच प्रश्नाचे उत्तर म्हणून.

काडीने जीव कसा जातो, हे आजही नीट सांगितले जात नाही. निर्जंतुक नसलेली वस्तू गर्भाशयात शिरली, की तिच्याबरोबर जंतू आत जातात. गर्भाचा किंवा वारेचा अंश आत राहिला, तर तो त्यांना आयतेच खाद्य होतो. दोन-तीन दिवसांत हुडहुडी भरते, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जातो, पोट दगडासारखे कठीण होते, आणि विष रक्तात भिनल्यावर मूत्रपिंडे थकतात. दुसरा मार्ग रक्तस्रावाचा, आणि तो तासांतच कारभार आटोपतो. दोहोंवर इलाज जुनाच आहे: गर्भाशय निर्वात नळीने रिकामे करणे, प्रतिजैविके, आणि रक्त. म्हणजे रोग असाध्य नव्हे, उशीर असाध्य आहे.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 च्या अहवालात देशातील मातामृत्यूचे प्रमाण हजार जन्मांमागे सुमारे 20 इतके भयंकर मानले होते. पुढे 1964 साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, देशात दरसाल सुमारे 39 लाख गर्भपात करविले जातात असा अंदाज 1966 च्या अहवालात मांडला, आणि त्यातूनच 1971 चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा जन्मास येऊन 1 एप्रिल 1972 पासून अमलात आला. त्यानंतर तीस वर्षांनी, 2001 ते 2003 या काळातील नमुना नोंदणीच्या पाहणीत, मातामृत्यूंपैकी 8 टक्के गर्भपातामुळे झाल्याचे दिसले. तेव्हा देशाचे प्रमाण लाख जन्मांमागे 301 होते. 2018 ते 2020 मध्ये ते 97 वर, महाराष्ट्राचे तर 33 वर आले. समाधान मानावे असाच हा उतार आहे. पण त्या 8 टक्क्यांविषयी माझा संशय फिटलेला नाही. अतिरक्तस्राव आणि जंतुदोष ही शेजारची दोन कलमे त्याच पाहणीत अनुक्रमे 38 आणि 11 टक्के भरली आहेत, आणि कोतवाल बुक वाचलेल्या माणसाला त्यांच्या आड काय दडू शकते हे सांगावे लागत नाही.

काडीला खरे हद्दपार केले ते गोळ्यांनी. मिफेप्रिस्टोन 2002 मध्ये भारतात मान्य झाले, आणि 2015 साली देशात झालेल्या सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपातांपैकी 73 टक्के रुग्णालयाबाहेर गोळ्यांनी झाल्याचा अंदाज एका मोठ्या अभ्यासाने काढला. या गोळ्या विष नव्हेत. नऊ आठवड्यांच्या आत, तपासणीअंती घेतल्यास त्या अतिशय सुरक्षित आहेत. धोका आहे तो दिवस चुकीचे मोजण्यात, गर्भ नलिकेत अडकला असल्यास ते न कळण्यात, आणि अंगात आधीच रक्त कमी असताना, विदर्भात तर सिकलसेलही अनेक घरांत भेटत असताना, एकटीनेच सोसत बसण्यात. मार्च 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे बेकायदा गर्भपातात एक विवाहिता दगावली आणि पुरलेले 19 गर्भ सापडले, तेव्हा राज्यभर संताप उसळला तो रास्तच होता. परंतु गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा निराळा आणि 1971 चा निराळा, हे भान तपासण्यांच्या धडाक्यात सुटले. अनेक औषधविक्रेत्यांनी कटकट नको म्हणून गोळ्या ठेवणेच सोडले. लिंगनिदान साधारणतः चौथ्या महिन्याच्या सुमारास होते, गोळ्या नवव्या आठवड्यापर्यंत चालतात. या साध्या हिशेबाकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. जिला गोळी मिळत नाही ती गर्भ ठेवते असे नव्हे. ती भोंदूकडे जाते.

आणि अमरावती जिल्ह्यातील आदिवासी मेळघाट? धारणीहून हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा घाट उतरत अमरावती गाठायची म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. रक्त वाहत असलेल्या कोरकू स्त्रीच्या बाबतीत घरात निर्णय होण्यात एक विलंब, वाहन मिळून दवाखाना गाठण्यात दुसरा, आणि दवाखान्यात रक्त व डॉक्टर एकाच वेळी सापडण्यात तिसरा. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजून ‘डफरीन’ म्हणतात आणि अकोल्याच्या रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’. व्हाइसरॉयांच्या पत्नींची नावे जिभेवर टिकली, पण तेथे जाऊन ‘खाली करून घेण्या’चा हक्क कायद्याने आपल्याला आहे, ही गोष्ट काही गावोगाव पोचली नाही.

म्हणून तो हक्क येथे स्पष्ट लिहितो. अठरा वर्षांवरील स्त्रीला स्वतःची सही पुरे. नवऱ्याची, सासूची किंवा बापाची लागत नाही. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत चालते. 2021 च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी ही मुदत 24 आठवडे केली, आणि त्या यादीत गरोदरपणात आलेल्या वैधव्याचा नावानिशी उल्लेख आहे. ताराबाईंच्या ग्रंथानंतर सुमारे 140 वर्षांनी का होईना, सरकारला ती विधवा दिसली. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही त्याच हक्कात घेतले. तिचे नाव बाहेर फोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि कुणाच्या घरी गोळ्या घेऊन झाल्याच असतील, तर कुणी दिल्या, का घेतल्या, याची उलटतपासणी नंतर करावी. सलग दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, चक्कर किंवा थंडी वाजून ताप येत असेल, पोटात एका बाजूला असह्य कळ असेल, तर 108 क्रमांकाला फोन करून गाडी मागवावी, आणि डॉक्टरला खरे ते सांगावे.