लेनिनच्या मॉस्कोत गेलेले भारतीय क्रांतिकारक : वर्ध्याचे खानखोजे वाचले, मग बाकीच्यांचं काय झालं?

1921 साल. पहिलं महायुद्ध संपून तीन वर्षं होत आली होती. रशियात झारची सत्ता जाऊन बोल्शेविकांचं राज्य आलं होतं. जगभर विखुरलेल्या भारतीय क्रांतिकारकांना वाटत होतं की इंग्रजांना धडा शिकवायचा तर आता मॉस्कोलाच जायला हवं.

त्या वर्षी बर्लिनहून मॉस्कोला गेलेल्या भारतीयांच्या गटात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. गटाचे नेते होते सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सगळ्यांचे 'चट्टो'. मद्रासचे एम. पी. टी. आचार्य तर त्यांच्याही आधी रशियात पोहोचले होते.

तिघांचा शत्रू एक आणि स्वप्नही एकच. पण पुढे एकाने मेक्सिकोत मका पिकवला, एक रशियन बायकोसोबत मुंबईत येऊन राहिला आणि एकाला स्टालिनच्या पोलिसांनी गोळी घातली. असं का झालं?

मॉस्कोला जायची वेळ का आली?

खानखोजे टिळकांच्या विचारांनी भारावलेले होते. आधी जपान आणि मग अमेरिका गाठून त्यांनी तिथं शेतीशास्त्राचं शिक्षण घेतलं. गदर चळवळीच्या सुरुवातीच्या लोकांत ते होते. महायुद्धात ते इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले.

चट्टो तेव्हा बर्लिनमधून काम करत होते. शत्रूचा शत्रू तो मित्र, या हिशोबाने जर्मनीची मदत घेणं चालू होतं. पण 1918 मध्ये जर्मनीच हरली. भारतात परतलं तर तुरुंग किंवा फाशी. ब्रिटिश पासपोर्ट मिळायची आशा नाही. अशा वेळी इंग्रजांना उघड आव्हान देणारी एकच मोठी सत्ता उरली होती, ती म्हणजे लेनिनचा रशिया.

त्यांना दिसलेला रशिया कसा होता?

रशिया तेव्हा अक्षरशः मोडून पडला होता. यादवी युद्धाने शहरं रिकामी केली होती. ब्रेड रेशनवर मिळत होता, रूबलला किंमत राहिली नव्हती आणि थंडीत जळण मिळणंही कठीण होतं. त्याच वर्षी व्होल्गाच्या खोऱ्यात मोठा दुष्काळ पडला. त्यात सुमारे 50 लाख माणसं गेली असं मानलं जातं.

त्यातही मार्च 1921 हा महिना फार महत्त्वाचा. एकाच महिन्यात तीन गोष्टी घडल्या.

पहिली, क्रांतीचे बिनीचे शिलेदार समजले जाणारे क्रोनश्टाटचे नौसैनिक सरकारविरुद्ध उठले आणि लाल सैन्याने तो उठाव चिरडला. दुसरी, शेतकऱ्यांकडून धान्य जबरदस्तीने उचलायचं धोरण लेनिनने गुंडाळलं आणि छोट्या व्यापाराला परवानगी दिली.

तिसरी गोष्ट भारतीयांच्या मुळावर आली. 16 मार्चला ब्रिटन आणि सोव्हिएत रशियात व्यापार करार झाला. त्यात रशियाने कबूल केलं की ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध, विशेषतः भारतात, प्रचार करणार नाही. उपाशी देशाला व्यापार हवा होता. भारतीय क्रांतिकारकांसाठी ताश्कंदमध्ये उघडलेली लष्करी शाळा त्याच वर्षी बंद झाली.

थोडक्यात, ज्या घराचं दार ठोठावायला ही मंडळी निघाली होती, त्या घरमालकाने त्यांच्या शत्रूशी आधीच व्यवहार जुळवला होता.

मॉस्कोत वाद कशावरून झाला?

जगभरातल्या कम्युनिस्ट पक्षांची संघटना म्हणजे कॉमिन्टर्न. तिथं भारताच्या बाजूने मानवेंद्रनाथ रॉय यांचं आधीच बस्तान बसलं होतं. रॉय यांचं म्हणणं, कम्युनिस्ट पक्ष उभा करा. चट्टोंच्या गटाचं म्हणणं, आधी इंग्रजांना घालवायला सगळ्या देशभक्तांना एकत्र आणा, बाकीचं नंतर बघू.

कॉमिन्टर्नने रॉय यांना झुकतं माप दिलं. चट्टोंचा गट रिकाम्या हाताने बर्लिनला परतला. खानखोजेही परतले.

खानखोजे : अपयश पथ्यावर पडलं

मॉस्कोने नाही म्हटल्यावर खानखोजेंकडे एक गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे शेतीचं ज्ञान. 1924 मध्ये ते मेक्सिकोला गेले. तिथंही क्रांती होऊन गेली होती, पण त्या देशाला शेती जाणणारा माणूस हवा होता. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत ते शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे स्नेही होते.

स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. 1967 मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं. 2022 मध्ये चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी केलं.

आचार्य : रशियाने बायको दिली, पक्षाने बाहेर काढलं

ऑक्टोबर 1920 मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला, त्यात आचार्य होते. पण रॉय यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि काही महिन्यांतच पक्षाने त्यांना काढलं. ते मॉस्कोत राहिले आणि हळूहळू अराजकतावादाकडे वळले. म्हणजे कुठल्याच सरकारची सक्ती नको, क्रांतीच्या सरकारचीही नको.

मॉस्कोतच त्यांना मग्दा नाखमान भेटली. ती सेंट पीटर्सबर्गची चित्रकार. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या कवयित्री मारिना त्स्वेतायेवा यांचं चित्र तिने काढलं होतं. दोघांनी लग्न केलं.

तोवर सरकारच्या टीकाकारांची धरपकड वाढली होती. 1922 मध्ये दोघं बर्लिनला निघून गेले. पुढे तिथं हिटलर आला. मग्दाचे वडील ज्यू घराण्यातले, त्यामुळे तिथूनही निघावं लागलं. 1930 च्या दशकाच्या मध्यात दोघं मुंबईत आले. आता परकं असण्याची पाळी मग्दाची होती. मुंबईत ती चित्रं काढत राहिली, प्रदर्शनं भरवत राहिली. फेब्रुवारी 1951 मध्ये एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला काही तास उरले असताना तिचा मृत्यू झाला. 1954 मध्ये आचार्यही मुंबईतच गेले.

चट्टो : जो रशियन होऊन राहिला

तिघांत रशियावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवला तो चट्टोंनी. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुन्हा सोव्हिएत रशियात गेले, ते कायमचे. लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्र संस्थेत भारतविषयक कामात ते रमले. त्याच क्षेत्रातल्या लिदिया करुनोव्स्काया यांच्याशी त्यांनी लग्न केलं.

पण डिसेंबर 1934 मध्ये लेनिनग्राडचा पक्षनेता किरोव्हचा खून झाला आणि स्टालिनने संशयाचं सत्र सुरू केलं. 1937 मध्ये तर परदेशी माणूस म्हणजे हेर, असं समीकरणच झालं. ज्याचा जर्मनीशी कधीकाळी संबंध आला, तो आधीच दोषी. चट्टोंची अनेक वर्षं बर्लिनमध्ये गेली होती. इंग्रजांविरुद्ध लढताना जोडलेले संबंधच आता त्यांच्यावर उलटले.

जुलै 1937 मध्ये त्यांना अटक झाली आणि 2 सप्टेंबरला गोळी घातली गेली. ते एकटे नव्हते. रॉय यांचे जुने सहकारी अबनी मुखर्जी त्याच वर्षी मारले गेले. 1921 मध्ये चट्टोंसोबत मॉस्कोला गेलेले लुहानी 1938 मध्ये. त्या दोन वर्षांत सोव्हिएत रशियात जवळपास 6.8 लाख लोकांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यातले बहुसंख्य त्याच देशाचे नागरिक होते. स्टालिनच्या मृत्यूनंतर चट्टोंवरचा ठपका पुसला गेला, पण तोवर फार उशीर झाला होता.

मग फरक कशाने पडला?

निष्ठेने नक्कीच नाही. निष्ठेवर जीव वाचत असता तर सगळ्यात आधी चट्टो वाचले असते. खानखोजेंना शेतीच्या ज्ञानावर दुसरा देश मिळाला. आचार्य वेळेत बाहेर पडले. चट्टोंनी मात्र त्या देशालाच आपलं घर मानलं होतं. आणि अटक झाली तेव्हा त्यांच्या नावाने विचारणा करणारं एकही सरकार जगात नव्हतं. भारत गुलाम होता आणि इंग्रजांच्या लेखी ते गुन्हेगार होते.

हा फरक आजही लागू पडतो. महाराष्ट्रातली अनेक मुलं डॉक्टर व्हायला रशियात जातात. मार्च 2022 मध्ये रशियातल्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं देशाबाहेर चालेनाशी झाली, तेव्हा युद्ध दूर असूनही पैशांचे नेहमीचे रस्ते रातोरात बदलले. नोकरीच्या आमिषाने नेलेले काही भारतीय थेट रशियन सैन्यात अडकले. पण 2024 मध्ये पंतप्रधानांच्या मॉस्को दौऱ्यात त्यांना परत पाठवण्याचा विषय काढता आला, कारण ते एका स्वतंत्र देशाचे नागरिक होते.

चट्टो आणि त्यांचे साथीदार ज्यासाठी घर सोडून निघाले होते, ते हेच स्वातंत्र्य.