शेततळ्यातील माशांचे आरोग्य: औषधाआधी पाण्याची निगा

गोदावरीवरील जायकवाडी धरणाचे १९७६ मध्ये लोकार्पण झाले आणि पैठणच्या वरच्या अंगाला सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा नाथसागर पसरला, तेव्हा शेवगाव तालुक्याच्या उत्तरेकडील गावांच्या शिवाराला जलाशयाची किनार लाभली. उरलेला तालुका मात्र अवर्षणप्रवणच राहिला आणि तेथील कपाशी, ऊस व फळबागांची भिस्त विहिरी, पाटपाणी आणि अलीकडे प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यांवर आली. राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यानंतर साठवलेल्या पाण्यात कटला, रोहू, मृगल आणि सायप्रनस वाढवून जोडउत्पन्न घेण्याची कल्पना कोरडवाहू भागांतही रुजू लागली. शेततळ्यात मत्स्यबीज सोडण्याचे काम एका सकाळीत उरकते. ते पुढे आठ-दहा महिने निरोगी राखणे हे खरे मत्स्यपालन होय, आणि त्याविषयीची माहिती अजूनही पुरेशी पोहोचलेली नाही.

रोग पाण्यातून सुरू होतो

माशाला रोग जडण्यासाठी रोगजंतू असणे एवढेच पुरेसे नसते. अंगावर व्रण पाडणारे, कल्ले व पर कुजवणारे किंवा पोटात पाणी साठवून मासा फुगवणारे एरोमोनास गटातील जिवाणू गोड्या पाण्यात बहुधा असतातच. धडधाकट मासा त्यांना दाद देत नाही, परंतु प्राणवायूची टंचाई, दाटी, हाताळणीच्या जखमा किंवा दूषित पाणी यांनी त्याची प्रतिकारशक्ती खचली की तेच जिवाणू प्राणघातक ठरतात. म्हणून मत्स्यरोगशास्त्र मासा, रोगजंतू आणि पाणी या तिन्हींचा एकत्र विचार करते, आणि शेतकऱ्याच्या हातात यांपैकी सर्वांत अधिक असते ते पाणी.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू दर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असणे कार्पवर्गीय माशांना मानवते. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे खाणे कमी करतात. हिरव्या शेवाळाने गच्च झालेल्या तळ्यात दिवसा प्राणवायू भरपूर असला, तरी रात्री शेवाळ आणि मासे दोघेही तो वापरत राहतात, त्यामुळे सर्वांत बिकट वेळ पहाटेची असते. उजाडताना मासे पृष्ठभागावर तोंड वर काढून हवा घेत असतील, तर त्या दिवशीचे खाद्य थांबवून ताजे पाणी सोडणे किंवा एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, चालू करणे हा उपाय तातडीने केला पाहिजे.

अस्तराच्या तळ्याची वेगळी रीत

मत्स्यपालनाचा रूढ सल्ला मातीच्या तलावांवरून घडलेला आहे. मातीचा तळ सेंद्रिय गाळ रिचवतो आणि पाण्याच्या सामूतील, म्हणजे आम्ल-अल्कली पातळीतील, चढउतार काही अंशी आवरतो. प्लॅस्टिकच्या अस्तरावर मात्र उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा तशीच साचून कुजते आणि त्यातून अमोनिया पाण्यात उतरतो. हा अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी विषारी रूपाचे प्रमाण सामूवर व तापमानावर अवलंबून असते: २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी असतो, तर सामू ९ झाला की तोच वाटा एकतृतीयांशाच्या वर जातो. शेवाळ माजलेल्या तळ्यात दुपारी सामू ९ पर्यंत चढणे अवघड नसते, आणि मार्च-एप्रिलमध्ये ठिबकसाठी पाणी उपसले जाऊन पातळी खाली जाते, त्याच वेळी माशांचे वजन व खाद्य वाढलेले असते, म्हणून ऐन विक्रीच्या तोंडावर मर होण्याचा धोका सर्वाधिक असतो.

याच कारणाने ‘मासे मरताहेत, चुना टाका’ हा सरसकट सल्ला अस्तराच्या तळ्यात घातक ठरू शकतो. आम्लयुक्त मातीच्या तलावाला चुना हितकर असतो, परंतु ज्या पाण्याचा सामू आधीच ८.५ च्या वर आहे, त्यात कळीचा किंवा विरवलेला चुना मिसळणे म्हणजे अमोनियाचा विषारीपणा आपल्या हाताने वाढवणे होय. चुना टाकण्यापूर्वी सामू मोजावा, उन्हाळ्यासाठी ठरावीक पाणी माशांकरिता राखून ठेवावे आणि बीज बेताने सोडावे. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली हा नेहमीचा हिशेब धरला, तर ३० मीटर लांब-रुंद तळ्याला ४५० ते ९०० नग पुरतात. यंत्राने हवा देण्याची सोय नसेल, तर खालचा आकडाच धरलेला बरा. कपाशीच्या पट्ट्यात आणखी एक पथ्य अनिवार्य आहे: पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यल्प मात्रेतही मारक असल्याने फवारणीचा पंप तळ्याच्या काठावर धुऊ नये.

माशांची ऊ आणि हिवाळ्यातील व्रण

काही रोग नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. अर्ग्युलस, म्हणजे माशांची ऊ, हा काही मिलिमीटर लांबीचा, चपटा आणि जवळजवळ पारदर्शक परजीवी असतो. दोन गोल चूषकांनी तो खवल्यांना चिकटतो, सोंडेने कातडी टोचून रक्त व शरीरद्रव शोषतो, आणि खाजेने हैराण झालेला मासा तळ्याच्या कडेला अंग घासतो किंवा पाण्याबाहेर उसळ्या मारतो. औषधाने प्रौढ ऊ मरते, अंडी शाबूत राहतात. ही अंडी कठीण पृष्ठभागावर ओळीने चिकटवलेली असतात, म्हणून तळ्यात बांबू किंवा फळ्या उभ्या करून दर आठवड्याला त्या काढून कडक उन्हात वाळवल्या, तर पुढची पिढी औषधाविना घटते.

लाल चट्ट्यांपासून खोल व्रणांपर्यंत जाणारा एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम हा रोग १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात शिरला. अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स या बुरशीसदृश जीवामुळे तो होतो, पावसाळ्यानंतर पाणी गार होऊ लागले की बळावतो आणि मरळ माशाला विशेष पछाडतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यावर ‘सिफॅक्स’ हे औषध तयार केले, तरीही रानटी मासे आत येऊ न देणे हाच त्यावरचा अधिक स्वस्त उपाय आहे.

कोळंबीने शिकवलेला धडा

१९९४-९५ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील टायगर कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूचा घाला पडला आणि तीन ते दहा दिवसांत तळीच्या तळी रिकामी झाली. कोळंबीत माशांसारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या अर्थाने लस देता येत नाही. परिणामी साऱ्या उद्योगाला बीजाच्या शुद्धतेकडे वळावे लागले. २००९ पासून विशिष्ट रोगांपासून मुक्त असलेली व्हॅनामी कोळंबीची पैदासजोडी आयात करून ती चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून जाऊ देण्याची पद्धत रूढ झाली आणि पालघर-रायगडच्या तळ्यांपर्यंत तिचा लाभ पोहोचला.

गोड्या पाण्यातील शेतकऱ्यानेही हाच धडा गिरवावा. बीज खात्रीच्या केंद्रातून घ्यावे, पिशव्या १५ ते २० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ द्यावे, आणि सोडण्यापूर्वी बोटुकलीला २ ते ३ टक्के मिठाच्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवून काढावे, मासे कलंडू लागल्यास त्याआधीच काढावे. प्रतिजैविके मनाने वापरू नयेत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाच्या औषधांना तर मत्स्यसंवर्धनात बंदीच आहे.

नोंद आणि नमुना

प्रयोगशाळेकडे नेलेला कुजका मासा काहीच सांगत नाही. निदानासाठी लक्षणे दिसणारा पण अजून जिवंत असलेला मासा, त्याच तळ्याच्या पाण्यासह, न्यावा लागतो. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल अ‍ॅप सुरू केले असून त्यावरून रोगाची खबर थेट तज्ज्ञांपर्यंत पोहोचवता येते. शेवगाव तालुक्यातच दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रही आहे. रोगट तळ्याचे पाणी ओढ्यात सोडले, तर उताराने ते नाथसागराकडे जाते, आणि त्या जलाशयावर भोई समाजाची मासेमारी तसेच छत्रपती संभाजीनगर व जालना या शहरांचे पिणे अवलंबून आहे. त्यामुळे एका तळ्यातला रोग लपवणे हा केवळ खाजगी तोट्याचा विषय राहत नाही.

शेवगावच्या प्रत्येक मत्स्यपालकाने एक वही ठेवावी आणि तीत रोज पहाटे मासे तोंड वर काढतात का, खाद्य किती उरले आणि किती मासे मेले एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात. गावातील शेततळेधारकांनी वर्गणी काढून सामू, प्राणवायू आणि अमोनिया तपासण्याचा एक संच सामाईक घ्यावा आणि मर दिसताच औषधाच्या दुकानाआधी पाण्याची तपासणी करावी.