सातांतला पहिला

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला संघ एका हंगामात ३८ सामने खेळतो. पहिला हरला तर तिथला चाहता म्हणू शकतो, असू दे, अजून ३७ आहेत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर ही सोय नाही. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ लीगमध्ये १६ संघ. अलीकडच्या रचनेत त्यांचे आठ-आठचे दोन गट पडतात आणि गटातल्या प्रत्येकाशी एकदाच गाठ होते. सामने सातच. विजयाला तीन गुण, म्हणजे सगळा हंगाम मिळून २१ गुणांची कमाई, आणि त्यातले तीन पहिल्याच दुपारी पणाला लागलेले. त्यामुळे पावसाळा सरला, मैदानावर रोलर फिरू लागला, की पेठेतल्या माणसाचं बाकीच्या कामातलं लक्ष उडतं. माझंही उडालंय. माझा संघ कुठला ते मात्र सांगणार नाही. सांगितला तर निम्मे वाचक इथंच पान उलटतील.

बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. कोल्हापूर म्हणजे कुस्ती, मग हे फुटबॉल कुठून आलं? गंमत अशी की दोन्ही एकाच दारातून आली. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयानं इथं कुस्ती वाढली, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि पेठापेठांतल्या तालमी म्हणजे नुसते आखाडे न राहता तरुणांची हक्काची जागा झाल्या. गणपती तिथंच, भांडणं मिटवायची तिथंच. संस्थानी काळात राजघराण्यानं फुटबॉललाही हात दिला, तेव्हा खेळायला संघ शोधावे लागले नाहीत. तालमी होत्याच. म्हणून आजही संघांची नावं पाहा: पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. पहिल्या दोन मंगळवार पेठेतल्या, खंडोबा शिवाजी पेठेतली. मुंबईत आयएसएलचा संघ आवडला नाही तर चाहता दुसरा धरू शकतो. इथं संघ बदलायचा तर घर बदलावं लागतं, आणि तेवढ्यानंही लोक विश्वास ठेवतील असं नाही.

हंगामाची खरी सुरुवात पहिल्या शिट्टीनं होत नाही, ती होते खेळाडू नोंदणीनं. एकदा एका संघाकडून नाव नोंदवलं की त्या वर्षापुरता खेळाडू त्या संघाचा. त्यामुळे नोंदणीच्या दिवसांत कोण कुठं चहा प्यायला, कुणाच्या गाडीवरून कोण गेलं, याच्या बातम्या चौकाचौकांत फिरतात. पूर्वी पेठेचा पोरगा पेठेकडूनच खेळायचा. आता ठरलेली रक्कम असते, दुसऱ्या जिल्ह्यांतले खेळाडू येतात, आफ्रिकन खेळाडूही कोल्हापूरकरांनी पाहिले आणि डोक्यावर घेतले. जाणत्यांची यावर कुरकुर असते, पण मला ती निम्मीच पटते. चांगला सेंटर फॉरवर्ड समोर आला की आपल्या बॅकला पोझिशन धरून खेळावं लागतं, आणि शिकायचं ते तो त्यातच शिकतो. पण बाहेरच्याला जागा देताना आपला अठरा वर्षांचा पोरगा सगळा हंगाम बाकावर बसणार असेल तर मात्र ते पैसे वाया गेले म्हणायचे. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला आणि २०२२ मध्ये वरिष्ठ भारतीय संघाकडूनही उतरला. त्याला घडायला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

यंदा आमचा स्ट्रायकर समोरच्या पेठेनं नेला. त्याचं दुःख करून झालं. आता आशा कशावर, तर तीन गोष्टींवर, आणि त्यातली पहिली म्हणजे मैदान. शाहू स्टेडियम रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी उभं आहे, आणि पावसाळ्यानंतर तिथलं गवत दाट असतं. चेंडू जमिनीवरून सरकताना जरा अडखळतो, लांबचा पास अपेक्षेआधीच थांबतो. उन्हाळ्यात याच मैदानावर टक्कल पडतं, धूळ उडते, चेंडू टणाटण उसळतो आणि धावरा विंगर राजा होतो. पण पहिल्या सामन्यात तसं नसतं. तेव्हा पायाशी चेंडू ठेवून छोटे पास खेळणारा संघ फायद्यात राहतो, आणि आमची मधली फळी नेमकी तशी आहे. मी सरावाला जाऊन बसतो. दोन मिडफिल्डर एकमेकांकडे न बघता चेंडू देतात. हे पाठांतर एका महिन्यात होत नाही, ते तीन वर्षं एकत्र खेळतायत. समोरच्यांनी अकरातले निम्मे नवे घेतलेत. नावं मोठी आहेत, पण दुसऱ्याच्या धावेचा अंदाज यायला चार सामने तरी जातात. सातांच्या लीगमध्ये चार सामने म्हणजे निम्म्याहून जास्त हंगाम.

दुसरी आशा गोलकीपरवर. पोरगा तालमीमागच्या गल्लीतला. उंची बेताची, पण आवाज असा की गॅलरीतून बॅकची नावं ऐकू येतात. कॉर्नरला तो गोलरेषेवर चिकटून राहायचा, प्रशिक्षकांनी यंदा त्याला दोन पावलं पुढं यायला लावलंय. सरावात तीनदा पंच मारून चेंडू काढला, चौथ्यांदा स्वतःच्याच बॅकच्या डोक्यावर मारला.

तिसरी आशा आमच्यावर, म्हणजे गॅलरीवर. हे लिहायला हात अडखळतो. पेठेची ईर्ष्या हीच या फुटबॉलची ताकद आणि तीच त्याची कीड. हुल्लडबाजीनं सामने थांबलेत, स्पर्धा अर्ध्यावर अडकल्यात, पोलिसांनी गॅलऱ्या रिकाम्या केल्यात. रेफ्रीचा एक निर्णय चुकला की दगड उचलणाऱ्याला आपण पेठेची अब्रू राखतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो सातांतला एक सामना आपल्याच पोरांच्या हातून काढून घेत असतो. लीगनंतर महापौर चषकासारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धा असतात, तिथं पुन्हा संधी मिळते. लीगमध्ये गेलेले गुण मात्र गेलेच.

आण्णा आमच्या चौकातले जुने बॅक. गुडघे गेले, तरी दुपारच्या पहिल्या सामन्यापासून गॅलरीत हजर. त्यांना विचारलं, यंदा काय होईल? म्हणाले, "स्ट्रायकर गेला ते बरं झालं. आता सगळे पळतील." मी म्हटलं, आण्णा, गोल कोण मारणार? तर म्हणाले, "कॉर्नरवर मारू की!" मला हे पटलेलं नाही. तरीही पहिल्या सामन्याचा माझा अंदाज २-१, आपल्या बाजूनं, आणि त्यातला एक कॉर्नरवरच. चुकला तर चौकात मला गाठायला कुणाला पत्ता विचारावा लागणार नाही.