ई-व्हिसा भरताना पासपोर्ट समोर ठेवा

वसई-विरारहून व्हिएतनामला फिरायला जायचे तर व्हिसासाठी मुंबई गाठावी लागत नाही. अर्ज घरूनच भरता येतो. ऑगस्ट 2023 पासून हा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो. एकदाच प्रवेशाचे शुल्क 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचे 50. अर्ज नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही, म्हणून घाई नको.

खरी गडबड होते ती नावात. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा पहिल्या नावालाच जोडलेले असते. अर्जातही ते तसेच लिहावे, गाळू नये. वसईतल्या डिमेलो, डिसोजा कुटुंबांनी आडनावातल्या अपॉस्ट्रॉफीच्या (') चिन्हाकडे पाहावे. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळींत ते चिन्ह नसतेच. अर्जाने ते स्वीकारले नाही तर त्या ओळींप्रमाणे अक्षरे सलग लिहावीत. पासपोर्ट क्रमांकात एक अक्षर आणि पुढे सात अंक असतात, त्यामुळे अंकांमध्ये 'ओ' येऊच शकत नाही, तिथे शून्यच. वसई-विरारचा पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदांवर ठाणे दिसेल. गोंधळू नका, पासपोर्टवर जे छापले आहे तेच भरा.

अर्जाचे संकेतस्थळ शोधताना वर येणाऱ्या जाहिरातींत सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळे असतात आणि ती जास्त पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' आहे ना, हे पैसे भरण्याआधी नक्की तपासा.