टिळकांचे बिऱ्हाड आणि देवाचा दरबार

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाचा इतिहास आजवर बहुधा दोन दप्तरांच्या आधारे लिहिला गेला आहे. एक बाप्तिस्म्यांच्या नोंदींचे आणि दुसरे वादविवादांचे. कोणत्या कुळातील कोणता तरुण कोणत्या साली कोणत्या मिशनात गेला, त्याच्या जातीने त्याच्यावर कसा बहिष्कार घातला आणि त्याच्या आप्तांनी त्याच्या नावाने कशी आंघोळ केली, हा मजकूर पहिल्या दप्तरात विपुल आहे. आणि मिशनरी जॉन विल्सन यांना उत्तर देण्यासाठी मोरभट दांडेकरांनी १८३१ साली पुढे केलेल्या 'श्रीहिंदुधर्मस्थापने'पासून, विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्यांमागून आठवडे चालविलेल्या जाहीर वादापर्यंतचा खटाटोप दुसऱ्या दप्तरात आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र, किंवा नीळकंठशास्त्री गोरे यांनी सहा दर्शनांच्या खंडनासाठी हिंदीत लिहिलेले 'षड्दर्शनदर्पण', हे ग्रंथही त्याच युगाचे अपत्य होत. त्यांतील पांडित्याविषयी मला आदर आहे. परंतु वादात सरशी झालेला मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या घरात कसा वागला, बायकोने हातचे पाणी नाकारले तेव्हा तो काय म्हणाला, दाराशी आलेल्या उपाश्याला त्याने बसायला पाट दिला की नुसते पत्रक, याची दाद या दोन्ही दप्तरांत लागत नाही. ती लागते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात. आणि म्हणून त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांच्या ख्रिस्तनिष्ठेचा विचार करताना, त्यांच्या धर्मांतराचा क्षण बाजूस ठेवून, त्यानंतरच्या चोवीस वर्षांचा हिशेब तपासावा असे मला वाटते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई भाविक व काव्याची आवड असलेली होती आणि ती लवकर गेली. पुढे नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृताचे अध्ययन झाले, आणि नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचे कामही मिळाले. नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी काव्याच्या गोष्टी काढल्या, नव्या कराराची प्रत हातात ठेविली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही हकीकत आता आख्यायिकेच्या पदवीस पोचली आहे. मला त्या भाकितापेक्षा पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. त्या पुस्तकात टिळकांना जे सोडवेना ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचन होते, म्हणजे ज्यात सिद्धान्त जवळजवळ नाही आणि आचरण सर्वत्र आहे असा भाग. शत्रूवर प्रीती करा, दान गुप्तपणे द्या, उद्याची चिंता वाहू नका, ही वचने वाचून त्यांनी ती पाळावयाची ठरविली. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. या विधीसाठी त्यांनी गोरा पाद्री न निवडता एक मराठी पाळक निवडला, ही बाब चरित्रकार सहसा एका वाक्यात आटोपतात. परंतु पुढील सर्व टिळक त्या एका निवडीत बीजरूपाने आहेत.

या घटनेची पत्नीला आधी कल्पना नव्हती. लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने असे घर केले की मीठसाखरदेखील धुऊन घेतल्यावाचून त्यांच्या घरात येत नसे. ज्या घरात साखर धुतली जाते त्या घरच्या मुलीचा नवरा 'बाटला', तर तिचे काय झाले असेल याची कल्पना करण्याचे कारण नाही, कारण ती तिने स्वतःच लिहून ठेविली आहे, आणि तीही अशा विनोदाने की वाचकाला आपण हसलो याची लाज वाटावी.

त्यानंतरची चारपाच वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. लक्ष्मीबाई आप्तांजवळ, पंढरपुरास व नाशिकास, आणि टिळक अहमदनगरास. येथे कायद्याची एक बाब नमूद करणे अवश्य आहे. १८६६ चा एकविसावा अ‍ॅक्ट नेमका अशाच प्रसंगासाठी झालेला होता; ख्रिस्ती झालेल्या इसमाचा त्याच्या धर्मांतरामुळे जोडीदाराने त्याग केल्यास, त्याने कोर्टात अर्ज करावा, ठरलेली मुदत जाऊ द्यावी आणि विवाहबंधनातून मोकळे होऊन दुसरा संसार थाटावा, अशी त्यात तजवीज होती. (धर्मांतरिताचा वारसाहक्क राखणारा १८५० चा कायदाही, योगायोगाने, एकविसावाच.) टिळक पस्तिशीच्या आतबाहेरचे, विद्वान, नावलौकिकाचे कवी होते, फारकत त्यांना सहज मिळाली असती आणि नव्या समाजात कोणी त्यांस नाव ठेविले नसते. त्यांनी तो मार्ग धरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, कविता पाठवीत राहिले, संधी मिळेल तेव्हा भेटत राहिले, आणि कोणत्याही भेटीत धर्माची अट घातली नाही. टिळकांच्या कवितेवर माझे प्रेम आहे, तरीही त्यांच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम कोणते असे कोणी विचारल्यास मी या प्रतीक्षेकडे बोट दाखवीन.

लक्ष्मीबाई अखेरीस मुलाला घेऊन नगरास आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, नवऱ्याजवळ राहण्यासाठी. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे शाबूत; आणि ख्रिस्ती वस्तीच्या मध्यभागी हे सर्व सांभाळण्याची तरतूद खुद्द टिळकांनी केली. नगरच्या मिशनमधील काही मंडळींना हा प्रकार चमत्कारिक वाटला असेल तर त्यात नवल नाही. उपदेशकाने साऱ्या जिल्ह्याला उपदेश करावा आणि त्याच्याच घरात त्याच्या हातचा पेला चालू नये! परंतु श्रद्धा ही हुकमाने वसूल होणारी बाब नाही, हे ज्ञान टिळकांना झालेले होते, आणि ते ग्रंथांतून आलेले नसावे. कारण 'स्मृतिचित्रे' वाचणारास ठाऊक आहे की हा पुरुष जात्या शीघ्रकोपी, हट्टी, लहरी, पैसा हातात न टिकणारा आणि घरच्या माणसांना जेरीस आणणारा होता. नम्रता त्यांना जन्मतः मिळालेली नव्हती. ती त्यांनी कमावली, पुष्कळदा गमावली आणि पुन्हा कमावली. जातिभेदाचा विचार लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतःच्या मनाशीच घोळविला. माणसाची जात एकच, बाकीचे भेद माणसांनी केलेले, या निर्णयास त्या आपल्या आपण आल्या, आणि सोवळे सुटल्यावर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळ आणि प्लेग यांनी जिल्हा हैराण झालेला असता या दांपत्याच्या बिऱ्हाडात पोरक्या मुलांची जी वर्दळ सुरू झाली ती नंतर कधी थांबली नाही. अन्न पुरेल की नाही याचा अंदाज लक्ष्मीबाईंनी करावा आणि माणूस घरात घेऊन टिळकांनी तो मोडावा, अशी कामाची वाटणी होती.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, मुलासारखे राहिले. १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात चमकलेल्या या तरुणास टिळकांनी आपल्या छायेत घेतले, लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवे काढले, जेवूखाऊ घातले. आणि १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून तो गेला तेव्हा या घरावर पुत्रशोकाचीच कळा आली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. धर्मोपदेश हाच ज्याचा पेशा, त्याच्या घरात राहून, त्याचे अन्न खाऊन ते झाले नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्या पानातले काही कमी झाले नाही. प्रीतीचा अर्थ सांगणाऱ्या पुष्कळ प्रवचनांपेक्षा मला हा दाखला पुरेसा वाटतो.

आता उपासनेकडे वळू. टिळक आले तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळीची गायने बरीचशी पाश्चात्त्य चालींना शब्द चिकटविल्यासारखी होती. वृत्त अडखळे, सूर परका वाटे, आणि गाणाऱ्याचे मन मागे राही. देशी वळणाचा प्रयत्न अगदीच झाला नव्हता असे नव्हे. नगरासच कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या सुमारास ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा सुरू केली होती. आणि फार मागे, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'क्रिस्तपुराण' ओवीबद्ध करून छापले होते. पण ती परंपरा तुटली. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि गोव्यातील त्या वाङ्मयाचा झरा आटत गेला. टिळकांनी नव्याने काम केले ते स्टीफन्सला पुढे नेण्याच्या बुद्धीने नव्हे, तर तुकोबांच्या आधाराने. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते मोकळेपणाने सांगत, आणि हे नुसते सौजन्याचे बोलणे नव्हते. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो, सद्गुरू होतो, भक्त त्याच्याशी भांडतो, रुसतो, त्याच्या पायी लोळण घेतो. वारकऱ्याने विठाईशी जी सलगी केली तीच येथे आहे. आणि टाळमृदंगाच्या साथीने ती गाता येते. हे रूपांतर इतके सहज झाले की आज नगर, सोलापूर, सातारा किंवा मुंबई येथील मराठी देवळांत 'उपासना संगीत' उघडून गाणाऱ्या कुटुंबास आपण दोन परंपरांच्या संगमावर उभे आहोत याचे भानही होत नाही. उपासना अशी अंगवळणी पडावी लागते. ती पडल्यावर तिचा इतिहास विसरला गेला तरी चालतो.

याच सुमारास केडगावास पंडिता रमाबाई दुसऱ्या वाटेने चालल्या होत्या. इंग्लंडात वाँटेज येथे १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी आपली बुद्धी कोणाकडे गहाण ठेविली नाही. आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर, मांसाहारावर, क्रुसावर कोरावयाच्या लॅटिन शब्दांवरसुद्धा त्यांनी पत्रांतून निर्भयपणे वाद घातला. पुढे 'मुक्ती' या त्यांच्या केडगावच्या आश्रमात दुष्काळातून आणलेल्या शेकडो स्त्रिया नांदू लागल्या; १९०५ साली तेथे प्रार्थनेचा असा उमाळा आला की शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. टिळकांच्या भजनाहून ही उपासना अगदीच निराळी. आणि संस्कृताची ही पंडिता आयुष्याच्या अखेरीस हिब्रू व ग्रीक शिकून, खेड्यातील बाईला समजेल अशा साध्या मराठीत बायबल उतरवीत बसली. खिळे जुळविणाऱ्या व छापणाऱ्या आश्रमातल्याच मुली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा हे काम नुकतेच हातावेगळे झाले होते.

१९१७ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनच्या पगाराचा त्याग केला. परकीय पैशावर पोसलेला उपदेशक देशबांधवांना भाडोत्री वाटतो, आणि तसे वाटण्यात त्यांची चूक नाही, अशी त्यांची धारणा बनली होती. सप्टेंबरात सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. या दरबारात मनसब नव्हती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्वच एका बैठकीवर बसावयाचे, सत्ता एकट्या ख्रिस्ताची. मंडळीतील जाणत्यांस शंका आली की बाप्तिस्मा ऐच्छिक ठरला तर मंडळीचे बंधन उरते कोठे. आणि ही शंका केवळ कर्मठपणाची नव्हती, कारण संस्थेवाचून श्रद्धा दुसऱ्या पिढीस पोचते असा पुरावा इतिहासात फारसा मिळत नाही. दरबाराला दोन वर्षेही पुरती लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले आणि दरबार मोडला.

त्याचा अंश मात्र अनपेक्षित ठिकाणी उगवला. नगरास असलेले अँग्लिकन मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्याआधीच्या वर्षी त्यांनी ख्रिस्त सेवा संघ या नावाने आश्रमपद्धतीचा बंधुसंघ काढला होता, आणि १९२७ साली त्याच संघात येण्यासाठी व्हेरिअर एल्विन नावाचा तरुण ऑक्सफर्डहून हिंदुस्थानात आला. 

टिळकांनी १९०९ साली ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले होते. दहा अध्याय पुरे झाले, अकरावा अपुरा राहिला. लग्नानंतर ज्यांना नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, ज्यांच्या शिक्षणाचा शाळेशी कधी संबंध आला नाही, त्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढील चौसष्ट अध्याय लिहिले. आणि ते लिहिताना, ज्याने आपल्याला चारपाच वर्षे घराबाहेर ठेविले त्या धर्माचे नव्हे, तर ज्याच्यासाठी आपला नवरा इतका वेडा झाला त्या एका माणसाचे चरित्र त्या सांगत होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, 'स्मृतिचित्रां'चा शेवटचा भाग चिरंजीव देवदत्त यांस पुरा करावा लागला. 'ख्रिस्तायन' १९३८ साली प्रसिद्ध झाले.