विषाणू तोच, माकडं दोन

पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलांत सूटी मँगबे नावाची राखाडी माकडं राहतात. एचआयव्हीचा भाऊबंद असलेला एसआयव्ही त्यांच्यातल्या अनेकांच्या रक्तात मुबलक असतो, तरी एड्स त्यांना सहसा होत नाही. तोच विषाणू उत्तर भारतातल्या लाल तोंडाच्या माकडात, म्हणजे ऱ्हीसस मकाकमध्ये शिरला की ते खंगत जातं आणि दगावतं.

फरक जन्मजात प्रतिकारशक्तीत आहे. शरीराची ही पहिली फळी शत्रूची नेमकी ओळख पटेपर्यंत थांबत नाही. एचआयव्ही पेशीत शिरून आपल्या आरएनएपासून डीएनए बनवतो. केंद्रकाबाहेर भटका डीएनए दिसला की सीगॅस हे प्रथिन तो हेरतं आणि पेशी इंटरफेरॉन सोडते. ही गावात पिटलेली दवंडीच. शेजारच्या पेशी लगेच टेथरिनसारखी प्रथिनं वाढवतात. टेथरिन नव्या विषाणूंना बाहेर पडता पडता पेशीच्या पृष्ठभागालाच जखडून ठेवतं. एचआयव्हीही कच्च्या गुरूचा चेला नाही. डीएनए तो कवचाआड बनवतो आणि त्याचं व्हीपीयू हे प्रथिन टेथरिनचा काटा काढतं.

मँगबेमध्ये दवंडी जोरात होते, पण काही आठवड्यांत थांबते. मकाकमध्ये आणि माणसात ती थांबतच नाही. मग इंटरफेरॉनच रोखलं तर? २०१४मध्ये मकाकांवर तेही करून पाहिलं गेलं. सुरुवातीलाच रोखलं, तर विषाणूचा साठा वाढला आणि एड्स लवकर आला. उलट बाहेरून इंटरफेरॉन दिलं, तेव्हा आधी संसर्ग टळला. पण देत राहिल्यावर पेशी त्याला जुमानेनाशा झाल्या आणि विषाणूचं फावलं. माझ्या मते, इंटरफेरॉन किती यापेक्षा कधी आणि किती काळ, हा प्रश्न मोठा आहे.

माणसात ही दवंडी चालू राहण्यात आतड्याचाही हात असतो. पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या सीडी४ या प्रतिकारक पेशींचा फडशा पडतो, आतड्याचं अस्तर झिरपू लागतं आणि जिवाणूंचे तुकडे रक्तात उतरून दाह धुमसत ठेवतात. औषधांनी विषाणू तपासणीत सापडेनासा झाला तरी हा दाह पुरता शमत नाही. हृदयविकाराचा वाढलेला धोका काही अंशी त्यातूनच येतो. म्हणूनच ७,७६९ एचआयव्हीबाधितांवर पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध तपासण्यात आलं. २०२३च्या निष्कर्षांनुसार त्याने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एक तृतीयांशाने घटल्या.